नाणी सापडली, पण कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकातील ‘तरुणाने उजेडात आणला शिवकालीन ठेवा’ ही बातमी वाचली. ‘किल्ल्याच्या परिसरात’ एका तरुणाला सापडलेली नाणी आणि एक ‘तोफगोळा’ शिवकालीन म्हणून तीत फोटोसह छापले आहेत. काल दिवसभर गप्प बसलो. म्हटले, आज दुरुस्ती छापून येईल. आली नाही, म्हणून हे पत्र.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. माझी हयात सराफी पेढीवर काट्यासमोर गेली. धातू हातात आला की पहिल्यांदा वजन, मग कस, मग बाकीच्या गप्पा, एवढेच मला कळते. आपल्या बातमीत गप्पा भरपूर आहेत. वजन मात्र एकाही वस्तूचे नाही. फोटोत शेजारी साधी मोजपट्टीसुद्धा ठेवलेली नाही.

फोटोतल्या डावीकडून दुसऱ्या नाण्यावर सोंड उचललेला हत्ती आहे. शिवाजी महाराजांच्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडे ‘छत्रपती’ अशी अक्षरे असतात, हत्ती नसतो. हत्ती आणि पाठीमागे फुलीच्या चार टोकांना चार गोल, असे तांब्याचे, शिशाचे तुकडे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहन राजांचे. जुन्नरच्या आवृत्तीत हे मला सांगावे लागते, याचे नवल वाटते. सातवाहनांच्या शिलालेखाचा नाणेघाट आमच्या उशालाच आहे. आपल्या वार्ताहराने एका ओळीत दीड हजार वर्षे खाऊन टाकली.

शेजारची शिवराई खरी आहे. पण तिच्यावर अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा आहेत. ही दुदांडी. पेशवाईनंतर कंपनी सरकारच्या अमदानीतसुद्धा अशा शिवराया पाडल्या जात होत्या. नाव शिवराई म्हणून काळही शिवकाल, हा हिशेब पेढीवर चालला नसता.

तो ‘तोफगोळा’ तर आणखी वेगळी गंमत. लोखंडी गोळा दिसला की तोफेचाच असतो काय? सिमेंटच्या गिरण्यांत दळण्यासाठी लोखंडी गोळे वापरतात. शाळेच्या मैदानावरचा गोळाफेकीचा गोळाही पावसात चार वर्षे पडला की तसाच दिसतो. पुरुषांचा ७.२६ किलोचा असतो, एकदा काट्यावर ठेवून पाहायचे होते. आणि समजा तो पोकळ, भोक असलेला कुलपी गोळा निघाला, तर आत दारू असू शकते. तो काखेत मारून हसत फोटो काढू नये, एवढे तरी छापायला हवे होते.

आता मुद्द्याचे. तो हत्ती आमच्या शेतातला आहे.

दिवाळीनंतर हाच तरुण जमिनीतला धातू शोधायचे मशीन घेऊन आमच्या बांधावर आला होता. माझ्या धाकट्या भावाने भला माणूस समजून त्याला फिरू दिले, भाकरी खाऊ घातली. ओढ्याकडच्या कडेला मशीन वाजले. त्याने खुरप्याने उकरले, आणि नाण्याच्या कडेला बसलेला तो खुरप्याचा घाव आपल्या फोटोतही स्पष्ट दिसतो. ‘काका, पुण्यात दाखवून आणून देतो,’ असे म्हणून त्याने ते पिशवीत टाकले. त्या पिशवीत आधीपासूनच दुसऱ्या गावची चिल्लर, शिशाच्या गोळ्या, एक भाल्याचे फाळ होते. मी तिथेच म्हटले, बाबा रे, वेगवेगळ्या पुड्या बांध, वर जागा लिही. दोन गिऱ्हाइकांचे मोडीचे सोने एका डबीत टाकणाऱ्या नोकराला आमचे शेठ दुसऱ्या दिवशी उभे करत नसत. तो हसला. म्हणाला, ‘मोबाईलवर फोटो टाकला की सगळे कळते.’ त्यानंतर त्याने आमचा फोन उचललेला नाही. आता नाणे दिसले ते थेट आपल्या पान तीनवर, चिंच-मिठाने घासून लखलखीत केलेले. त्याच्यावरचा हिरवा थर गेला, आणि जागा तर बातमीत नाहीच. ‘किल्ल्याच्या परिसरात’ म्हणे. कोणत्या? आमच्या तालुक्यात किल्ले काय कमी आहेत?

१९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी नहपान या क्षत्रप राजाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला. कोणी कोणाला हरवले, हे त्या ढिगाने सांगितले, कारण तो एका जागचा म्हणून मोजता आला. तीच नाणी सुटी-सुटी पिशव्यांतून फिरली असती, तर आज चांदीच्या भावाने वितळली असती.

शेवटच्या परिच्छेदात वार्ताहराने ‘प्रशासनाने या तरुणाचा सत्कार करावा’ अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. अवश्य करावा. त्याआधी १८७८ चा निखात निधी कायदा कोणीतरी वाचावा. दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवणाऱ्याचा वाटा तर जातोच, वर एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी ‘छावा’ सिनेमा पाहून लोक खजिन्याच्या आशेने रात्री टॉर्च आणि मशीन घेऊन शेते उकरत होते, तेव्हा ‘हा कसला वेडेपणा’ म्हणून आपणच अग्रलेख लिहिला होता. तिथला वेडेपणा आणि इथले इतिहासप्रेम, हा फरक कशाने पडला? मध्य प्रदेशात आपला अंक जात नाही म्हणून?

माझी मागणी साधी आहे. दुरुस्ती पान तीनवरच, तेवढ्याच टायपात छापावी. आणि त्या तरुणाला आपल्या कचेरीत बोलावून कोणती वस्तू कोणत्या गावच्या कोणत्या शेतातली, हे त्याच्या आठवणीत आहे तोवर लिहून घ्यावे. आमचे नाणे आम्हाला नको, ते तहसील कचेरीत पावती घेऊन जमा करावे.

कळावे,
आपला जुना वर्गणीदार,
ता. जुन्नर

ता. क. : त्याच पानावर खाली ‘वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे द्या, लाखो मिळवा’ ही जाहिरात होती. असल्या भामट्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे. आमच्या शेजारच्या वहिनींनी आपल्या पेपरावर विश्वास ठेवून ‘नोंदणी फी’ भरली. ते पैसे कोणाकडे मागायचे, तेही छापा.