आई, तांब्या भरलेलाच का राहतो?

आई, बाबा,

फोनवर आईच्या लघवीच्या त्रासाचा विषय काढला की आई "बरंय गं सगळं" म्हणते आणि बाबा लगेच भाज्यांचे भाव सांगायला लागतात, म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा.

मागच्या वेळी आले तेव्हा आईच्या उशाशी तांब्या सकाळी जेवढा भरलेला तेवढाच संध्याकाळी. एप्रिलचं नाशिकचं ऊन आणि तू दोन कप चहावर दिवस काढलास. रात्री बाथरूममध्ये बादलीच्या मागे घडी करून ठेवलेला ओला परकर दिसला आणि मला फार रडू आलं, आई. तू हे एकटीनं लपवत होतीस म्हणून.

हा तुझा दोष नाहीये गं. कॅन्सरसाठी नुसती गर्भपिशवी नाही काढली, आजूबाजूचा भागही काढला, आणि लघवीच्या पिशवीकडे जाणाऱ्या बारीक नसा त्याच भागातून जातात. त्या दुखावल्या की पिशवी भरली तरी कळत नाही, आणि लघवीला बसलं तरी ती पूर्ण रिकामी होत नाही. सोनोग्राफीत आठवतंय ना, जाऊन आल्यावरही २५० एमएल उरलेली होती? काठोकाठ भरल्यावर खोकलीस, उठलीस की सांडतं. म्हणजे पाणी जास्त झालं म्हणून गळत नाहीये, आत साठून राहतं म्हणून गळतंय. पाणी कमी केलंस तर साठलेली लघवी दाट होते, इन्फेक्शनची भीती वाढते, त्या थंडी-तापाच्या रात्री बाबा किती घाबरले होते.

तेव्हा लागली नाही तरी दर ३ तासांनी जायचं, घड्याळ बघून. झाल्यावर लगेच उठायचं नाही, जरा पुढे वाकून दोन मिनिटांनी परत प्रयत्न करायचा, पण जोर लावायचा नाही. आणि उरलेली लघवी काढायला सिस्टरनी शिकवलेली ती बारीक नळी, तिचं पाकीट अजून कपाटात तसंच आहे हे मी बघितलंय. साबणानं हात धुवून, त्यांनी सांगितलंय तेवढ्या वेळा ती घालायचीच. कितीतरी जणींच्या नसा काही महिन्यांत सावरतात, तोवर पिशवी ताणली जायला नको.

बाबा, तुम्ही बँकेत चाळीस वर्षं हिशोब लिहिलेत, आता आईची वही तुम्ही लिहा. किती वाजता, मापाच्या भांड्यात किती एमएल, नळीनं किती निघालं. ताप, जळजळ, किंवा योनीतून सारखं पाणी येत असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

काळारामाला जाणं तू बंद केलंयस ना आई? शनिवारी मी येतेय. घरून निघायच्या आधी तू एकदा लघवीला जाऊन ये, पिशवीत जास्तीचा परकर आणि पॅड मी ठेवते, पंचवटीत टॉयलेट कुठे आहे ते आधी बघून ठेवते, मग रिक्षानं तिघं जाऊ. तांब्या सोबत घ्यायचा.

तुमची,
ताई