सुन्या, टाकीची मागची बाजू बघ

प्रिय सुन्या,

काल रात्री ‘नारुतो’ मांगातला (जपानी कॉमिक्स) ससुके की ‘ड्रॅगन बॉल’मधला व्हेजिटा, हिरोचा रायव्हल म्हणून भारी कोण, यावरचा तुझा तो 11 मिनिटांचा व्हॉइस मेसेज भांडी घासता घासता पूर्ण ऐकला. ‘ससुकेसारखा रायव्हल जगात कुणी लिहिलाच नाही, व्हेजिटा म्हणजे नुसता माज’ हे तुझं वाक्य आलं आणि हातातला कप सटकून फुटला, त्याचे पैसे तू देणार आहेस. मेसेजमध्ये बोलून उत्तर द्यायला गेलो तर शिव्याच जास्त आल्या असत्या म्हणून म्हटलं नीट पत्रच लिहू.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, मी व्हेजिटाचा वकील लहानपणापासूनचा आहे हे खरंय. कार्टून नेटवर्कवर हिंदीतून ड्रॅगन बॉल लागायचं आणि नेमका त्यातला हिरो गोकू काहीतरी गोळा करायला हात वर करणार तेवढ्यात लोडशेडिंग, मग उरलेला एपिसोड आपण तुमच्या गच्चीवर स्वतःच करायचो आणि तू कायम गोकू व्हायचास कारण गच्ची तुमची होती. म्हणजे मला व्हेजिटा व्हावं लागलं, आवडून नाही. पण आता दोन्ही मांगा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून बोलतोय, ड्रॅगन बॉलचे 519 चॅप्टर आणि नारुतोचे 700, त्यामुळे लहानपणीचं प्रेम म्हणून उडवून लावू नकोस.

आणि ते ससुके म्हणजे आपला कर्ण वगैरे जे बोललास ना, ते तर अजिबात नाही. कर्णाला सूतपुत्र म्हणून भर सभेत हिणवलं होतं रे. ससुके बड्या घराण्यातला, वर्गात पहिला, पोरी मागे. गावाने वाळीत टाकलेला, आईबाप कोण हेही माहीत नसलेला तो हिरो नारुतो. कर्ण शोधायचाच असेल तर तिकडे शोध.

पण खोटं कशाला बोलू, सुरुवातीचा ससुके लेखक किशिमोतोने कमाल लिहिलाय. ती हॉस्पिटलच्या गच्चीवरची मारामारी आठव. त्यांच्या टीममधल्या साकुराने सफरचंदं कापून आणलीत, ससुके ताट उडवून देतो आणि नारुतोला वर घेऊन जातो, दोघं एकमेकांवर धावून जातात, त्यांचा गुरू काकाशी मध्ये पडून दोघांना पाण्याच्या टाक्यांवर भिरकावतो. ससुकेच्या टाकीला मोठं भगदाड, नारुतोच्या टाकीतून नुसती बारीक धार. ससुके गालात हसतो, म्हणजे अजून मीच पुढे. आणि मग जाताना मागच्या बाजूने बघतो तर नारुतोची टाकी मागून पूर्ण फाटलेली! एक शब्द न बोलता त्या पोराची जळजळ, भीती, सगळं दोन टाक्यांमध्ये दाखवलंय. पुढे तो गाव सोडून ओरोचिमारू या व्हिलनकडे का जातो याचं अर्धं उत्तर मला तरी तिथेच मिळतं, घराणं संपवणाऱ्या भावाचा, इताचीचा, सूड वगैरे नंतर.

माझी तक्रार पुढची आहे. इताचीला मारेपर्यंत गाडी रुळावर होती, मग इताचीने ते गावाच्याच हुकमावरून केलं हे सत्य कळतं आणि साहेब म्हणतात आता आपलं गाव कोनोहा उद्ध्वस्त करणार. मग जुने होकागे (मेलेले गावप्रमुख) परत उठवून त्यांच्याकडून इतिहास ऐकतो आणि म्हणतो नाही, गाव वाचवणार. मग युद्ध जिंकल्या जिंकल्या म्हणतो पाचही गावांच्या कागेंना (प्रमुखांना) मारून मी क्रांती करणार. अरे बाबा! माणूस बदलतो हे मान्य, पण हा प्रत्येक वेळी कुणीतरी येऊन मोठी गोष्ट सांगितली की बदलतो. त्याच्या आतून काही येत नाही, बाहेरून माहिती येते आणि याचा निर्णय फिरतो, आमच्या ऑफिसातल्या साहेबासारखा, शेवटी ज्याच्याशी बोलला त्याचं खरं. आणि त्याला काय होतंय हे सांगायला कायम दुसरा कुणीतरी हजर असतो, नारुतो तर शेकडो पानं तेच सांगतोय. टाक्या दाखवणारा माणूस भाषणं द्यायला लागला की वाईट वाटतं.

आता व्हेजिटा. हसू नको, पण या पात्राची जातच भाजीपाल्याची आहे. सायान, म्हणजे त्याची लढवय्यी जमात, हा शब्द ‘यासाई’ उलटापालटा करून केलाय, यासाई म्हणजे भाजी, काकारोट (गोकूचं मूळ नाव) म्हणजे गाजर, आणि व्हेजिटा म्हणजे मंडईचा राजपुत्र. असल्या चेष्टेच्या नावाचा माणूस 1988 मध्ये व्हिलन म्हणून आणला. लेखक तोरियामाला पुढचं ठरवून लिहायची सवय नव्हती, आणि मला वाटतं त्यातच व्हेजिटाचं भलं झालं, कारण त्याच्या डोक्यावर ‘हा हिरोचा मित्र होणार’ असा शिक्का पहिल्या दिवसापासून नव्हता. पहिल्या लढाईनंतर तो रांगत रांगत यानाकडे जातोय, गोकूचा मित्र क्रिलिन तलवार घेऊन वर उभा, आणि गोकू म्हणतो सोड त्याला, मला पुन्हा लढायचंय. बघ, गोकूने दया केली असं पण नाही, हावरटपणा केला. आणि व्हेजिटाला जीव वाचल्याचं सुख नाही, अपमान आहे. पुढची सगळी वर्षं तो तेच ओझं वाहतोय.

त्याच्यातही खोट आहे, मान्य. नवीन व्हिलन किती भारी हे दाखवायचं असलं की आधी व्हेजिटाने मार खायचा हा ठरलेला रिवाज. सेल या व्हिलनला मुद्दाम पूर्ण ताकदीचा होऊ दिला तेव्हा तर मी पुस्तक फेकणार होतो.

पण बू या शेवटच्या व्हिलनच्या वेळचा व्हेजिटा काढ. घर झालंय, बायको आहे, पोरगा आहे (ट्रंक्स, सासुरवाडीत सगळी नावं अंतर्वस्त्रांवरून, काय घराणं पत्करलं बिचाऱ्याने). आणि याला कळतं की आपल्याला हे आवडायला लागलंय, त्याची लाज वाटते म्हणून तो बाबिडी या मांत्रिकाला मुद्दाम आपल्या मनाचा ताबा घेऊ देतो, परत पहिल्यासारखा राक्षस व्हायला. कुणी येऊन गुपित सांगितलं नाही, भाषण दिलं नाही, सगळं आतून आलंय. मग बूसमोर एकटा उभा राहतो, त्याआधी ट्रंक्सला जवळ घेतो, लहानपणापासून कधी घेतलं नव्हतं, पोरगं लाजतंय, आणि दुसऱ्या क्षणी मानेवर फटका मारून त्याला बेशुद्ध करतो. मग गोकूच्या साथीदाराला, पिकोलोला, विचारतो, मेल्यावर काकारोट भेटेल का मला तिकडे? आणि पिकोलो तोंडावर सांगतो की नाही, तू निष्पाप लोकांना मारलंयस. व्हेजिटा ते ऐकून घेतो आणि जातो. तुझ्या ससुकेचं काय, तर जन्मठेप व्हायची ती युद्धातल्या कामगिरीमुळे टळली, असं काकाशी एका वाक्यात सांगतो आणि विषय संपला.

आता माझा हुकमाचा पत्ता. शेवटच्या लढाईत व्हेजिटा कबूल करतो की काकारोट, तूच नंबर वन. हे तो मनात म्हणतो. गोकू तिकडे बूशी लढतोय, हा लांब उभा राहून बघतोय, आणि एवढ्या वर्षांची मान खाली घालतो ती कुणाच्याही कानावर न पडता. गोकूने आपल्याशी लढताना पूर्ण ताकद लपवली होती हेही कळलंय, त्याचा राग आहेच, तरी म्हणतो. आणि ससुके? दोघांचे एकेक हात तुटलेत, दगडावर आडवे पडलेत, आणि ससुके तोंडाने सांगतो की मी हरलो. वाईट नाहीये सीन, माझ्या पण डोळ्यांत पाणी आलं होतं हे तुला माहितीय, तूच फोटो काढलेला. पण तिथे नारुतो ऐकायला आहे, हरणं मान्य करून त्या बदल्यात मित्र मिळतोय. व्हेजिटाला बदल्यात काही मिळत नाही.

‘माय हिरो अकॅडेमिया’तल्या बाकुगोचं पण म्हणाला होतास. तो या दोघांनंतरचा, 2014 ते 2024, आणि लेखक होरिकोशीने त्याला पावसात भिजत हिरोची माफी मागायला लावली, ‘इझुकू’ असं त्याचं खरं नाव घेऊन. पहिल्याच चॅप्टरला त्याच इझुकूला गच्चीवरून उडी मार म्हणणारं पोरगं ते. मला आवडला, पण त्यावर बोलायचं तर वेगळं पत्र होईल आणि तुला इतकं वाचायची सवय राहिलेली नाही.

तर ते गच्चीवरचं प्रकरण परत वाच, टाकीची मागची बाजू नीट बघ, आणि मग सांग की तोच ससुके शेवटच्या 100 चॅप्टरमध्ये तुला कुठे दिसला. एक पॅनल दाखवलंस तरी चालेल. आणि ड्रॅगन बॉलचा शेवटचा भाग दोन वर्षं तुझ्याकडे आहे, दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये, वहिनी म्हणाल्या तू तो टीव्हीच्या खाली टेकण म्हणून ठेवलायस.

तुझा,
गच्ची नसलेला