पेपर स्टॉलच्या आठवणींत हिशेबही हवा

महोदय,

नाक्यावरचा एखादा जुना पेपर स्टॉल उठला की हळहळ सुरू होते. दोरीला चिमट्यांनी लटकवलेले रंगीत अंक, ताज्या शाईचा वास, वरच्या फळीवर 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' आणि खाली पोरांच्या हाताला येईल असा 'चांदोबा'. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वृत्तपत्र विक्रेता दिन असतो, तेव्हा तर या आठवणी हमखास निघतात. स्टॉल चालायचा कशावर, हे मात्र कुणी लिहीत नाही. 'मोबाइल आला, स्टॉल गेला' एवढ्यावर विषय मिटतो. धंद्यातल्या माणसांना हे पुरतं पटत नाही. स्टॉल परताव्यावर, म्हणजे न खपलेले अंक प्रकाशकाने परत घेण्यावर चालायचा. हे परत घेणं कमी होत गेलं, तसा तो आतून पोकळ झाला. मोबाइल आला तो त्यावर.

हिशेब साधा आहे. समजा, साप्ताहिकाची किंमत २० रुपये आणि कमिशन २५ टक्के. म्हणजे अंक १५ रुपयांना पडला. दहा उचलले, सात खपले. परतावा असेल तर तीन अंक परत जातात. १०५ रुपये भरायचे, १४० आलेले, ३५ सुटले. परतावा नसेल तर १५० भरून १४० हातात, म्हणजे सात अंक विकूनही १० रुपयांचा खड्डा. आठवा अंक खपेपर्यंत कमाईला सुरुवातच नाही. मग विक्रेता दहाऐवजी पाच उचलतो, आणि तेही नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या नावावरचे. दोरीवर लावायला अंक उरत नाही. जो अंक दिसतच नाही, तो नवा वाचक विकत कुठून घेणार?

परतावा असला तरी सगळेच अंक परत जात नसत. कव्हर दुमडलेलं, पानाला डाग, आत चिकटवलेली शांपूची पुडी गायब, असं काही निघालं की तो अंक विक्रेत्याच्या अंगावर. बोटाला थुंकी लावून पानं उलटणारं गिऱ्हाईक म्हणूनच नकोसं व्हायचं. 'फुकट वाचू नये' ही पाटी खडूसपणाची मानली गेली, पण ती खरं म्हणजे परताव्याची अट होती. परत द्यायची मुदत चुकली तरी तेच, आणि अंगावर पडलेला अंक रद्दीत जायचा. तिथेही गुळगुळीत कागदाला वर्तमानपत्रापेक्षा कमी भाव, कारण त्याची पुडी नीट वळत नाही.

मांडणीलाही शास्त्र होतं. अंक फळीवर कौलं शाकारल्यासारखे एकावर एक सरकवून लावायचे, प्रत्येकाचं नाव तेवढं उघडं राहील असे. मासिकाचं नाव मुखपृष्ठाच्या माथ्यावर असतं, त्याचा स्टॉलवर असा उपयोग. वारा सुटला तर वीट ठेवून भागत नाही, कडा उडतात आणि फाटतात; त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओळीवरून आडवी ताणायची. उन्हाच्या बाजूला नेहमी एकच अंक पुढे ठेवायचा आणि त्याचीच किंमत गेली असं धरायचं. उन्हात छपाईतला पिवळा आणि गुलाबी रंग आधी उडतो, निळा टिकतो. चित्रकार दीनानाथ दलालांच्या चित्राचा 'दीपावली' अंक आठ दिवस उन्हात लटकला की चित्रातली बाई आजारी दिसू लागायची!

सकाळी गठ्ठा सोडताना सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा अंक आधी बघायचा. सुतळी किंवा प्लास्टिकची पट्टी त्यांनाच कापते. मोजणी तिथेच, सेंटरवरच, म्हणजे विक्रेत्यांना गठ्ठे वाटतात त्या ठिकाणी. स्टॉलवर येऊन दोन अंक कमी भरले तर ती तक्रार कोणी ऐकत नाही.

पावसाळा हा वेगळाच प्रकार. ताडपत्रीला उतार दिला नाही तर मधोमध पाण्याचा फुगा धरतो, आणि तो नेमका गिऱ्हाईक उभं असताना फुटतो. भिजलेलं वर्तमानपत्र वाळतं, वाचताही येतं. गुळगुळीत कागदाचं तसं नाही. त्याच्यावरचा लेप पाण्याने सुटतो आणि पान पानाला चिकटतं. वाळल्यावर अंकाची वीट होते. अंक ओला असतानाच पानं सुटी करून मध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालावेत आणि पंख्याखाली वाळवावा. उन्हात ठेवू नये. घरी जुने अंक जपणाऱ्यांनाही हाच उपाय, आणि गंजलेल्या पिना आधी काढून टाकाव्यात, कारण कागद तिथूनच कुजायला लागतो.

वर्षाची खरी कमाई दिवाळीची. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा मोसम आहे. अंक महाग असल्याने एका अंकामागे सुटणारे पैसेही जास्त, पण भांडवल तेवढंच अडकतं. न खपलेला दिवाळी अंक तुळशीच्या लग्नानंतर निम्म्या किमतीतही अवघड. 'आवाज' या दिवाळी अंकातल्या खिडक्यांचा, म्हणजे उघडून आतलं बघायच्या चित्रांचा, त्रास निराळा. ती कापलेली पानं पोरं स्टॉलवरच उघडून बघत, खिडकी फाटे आणि अंक बाद होई. म्हणून काही जण तो अंक दोऱ्याने बांधूनच लावत. दिवाळी सरली की दिनदर्शिका येत. 'कालनिर्णय' १९७३ साली सुरू झालं, आणि डिसेंबरचा मंदीचा महिना त्याने सावरला.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या. स्टेशनबाहेरच्या स्टॉलचं गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं आणि गाड्या पुन्हा धावल्या तरी बरंचसं परतलं नाही. त्याच काळात काही नियतकालिकांनी छपाई थांबवली, काहींनी फक्त वर्गणीदारांपुरती चालू ठेवली. उरलेले स्टॉल आज पाण्याच्या बाटल्या आणि मोबाइलची कव्हरं विकून अंक ठेवतात. त्यात कमीपणा काही नाही.

मागण्या दोनच आहेत. एक, रस्ता रुंदीकरणात स्टॉल हलवताना २०१४ चा पथविक्रेता कायदा पाळावा. विक्री प्रमाणपत्र असलेल्याला त्याच्या जागेवरून हलवण्याआधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. सकाळी गाडी आणून फळ्या उचलता येत नाहीत. दुसरी, प्रकाशकांनी निदान पहिले सहा महिने नव्या नियतकालिकाला परतावा द्यावा, दहातले तीन अंक परत घेतले तरी चालेल.

वाचकांनाही एक सांगणं. दिवाळी अंक हवे असतील तर घटस्थापनेपर्यंत नावं सांगून निम्मे पैसे आगाऊ द्यावेत. विक्रेत्याला सेंटरवर रोख मोजावी लागते, उधारीवर फार थोडे अंक मिळतात. पावती मात्र मागून घ्यावी, त्यावर अंकांची नावं लिहिलेली असावीत. नुसता 'पाच अंक' असा आकडा असला की ऐनवेळी दुसरेच हातात येतात.

— काही निवृत्त वृत्तपत्र विक्रेते, ठाणे