दुखत नाही म्हणून थांबू नकोस

प्रिय लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "मला काहीच त्रास नाही, मग कर्करोगाची तपासणी कशाला?" तेव्हा मी विषय बदलला, कारण बोलताना माझा आवाज कापला असता. ते उत्तर आज लिहून पाठवते आहे.

आठ वर्षांपूर्वी आंघोळ करताना साबणाच्या हाताला माझ्या डाव्या स्तनात, काखेच्या बाजूला, हरभऱ्याएवढी गाठ लागली. ती कडक होती, बोटाखाली फारशी सरकत नव्हती आणि दाबली तरी जरासुद्धा दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काळजीचे कारण नाही, असे मी स्वतःच ठरवून टाकले आणि चार महिने तुझ्या बाबांनासुद्धा काही सांगितले नाही. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे मला डॉक्टरांकडून कळले ते सुईने घेतलेल्या नमुन्याचा अहवाल समोर आल्यावर, आणि तोवर रोग काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोहोचला होता. पुढची शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन तू पाहिलेच आहेस. ते चार महिने मात्र मी तुझ्यापासूनही लपवले होते.

स्तनातील बहुतेक गाठी साध्या असतात हेही खरे, पण साधी कोणती आणि घातक कोणती हे हाताला कळत नाही. म्हणून नवी गाठ, कातडीला पडलेली खळी किंवा सुरकुती, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा त्यातून येणारे रक्त, यांपैकी काहीही दिसले तर ते अंगावर काढू नकोस. माझ्या आजारामुळे तुझा धोका इतरांपेक्षा थोडा अधिक आहे, त्यामुळे मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, कोणत्या वयापासून करायची आणि ज्यांतल्या दोषामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो त्या बीआरसीए जनुकांची चाचणी हवी का, हे डॉक्टरांना आताच विचार. हा सदोष जनुक वडिलांकडूनही येऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना बाबांच्या घरातले आजारही सांग.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत तर तुझ्या प्रश्नाचे उत्तर आणखी स्पष्ट आहे. तो जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो, आणि संसर्गापासून कर्करोगापर्यंतच्या वाटेला सहसा 15 ते 20 वर्षे लागतात. या सगळ्या काळात बाईला काहीही जाणवत नाही. पण नेमक्या याच काळात तपासणीत बदललेल्या पेशी सापडतात आणि त्या काढून टाकल्या की कर्करोग होण्याआधीच टळतो. जागतिक आरोग्य संघटना तिशीनंतर दर 5 ते 10 वर्षांनी एचपीव्ही चाचणी करण्याचा सल्ला देते. तू पस्तिशीला आलीस आणि एकदाही केलेली नाहीस, याचे मला फार वाईट वाटते. काही मिनिटांत नमुना घेतात. थोडा संकोच वाटतो, पण तो तिथेच संपतो.

आता नातीविषयी. ती 10 वर्षांची आहे आणि एवढ्या लहान मुलीला एचपीव्हीची लस कशाला, असे तुझ्या मनात आहे. लस विषाणूपासून वाचवते, आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून विषाणूशी गाठ पडण्याआधी, 9 ते 14 या वयात, ती देण्याची शिफारस आहे. या विषाणूचे 16 आणि 18 हे प्रकार सुमारे 70 टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना कारणीभूत असतात आणि लस दोन्ही रोखते. काही प्रकार तिच्या कक्षेबाहेर राहतात, त्यामुळे मोठेपणी तिलाही तपासणी करावीच लागेल. तिच्या वयाचा संकोच आपण मोठ्यांनी बाळगू नये, असे मला मनापासून वाटते.

दोन गोष्टी थोडक्यात लिहिते. पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्त दिसले, किंवा दोन पाळ्यांच्या मधे वा संबंधानंतर रक्तस्राव झाला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. अंडाशयाच्या कर्करोगासाठी मात्र निरोगी बायकांमध्ये लक्षणांआधीच रोग शोधणारी खात्रीलायक चाचणी अजून नाही. म्हणून पोट आठवडेच्या आठवडे फुगलेले राहिले किंवा दोन घासांतच भरल्यासारखे वाटू लागले, तर केवळ पित्तावर ढकलू नये.

तपासणीची तारीख ठरली की कळव. मी आदल्या दिवशी येईन. नातीला बाबा सांभाळतील आणि मी तुझ्याबरोबर आत येईन.

तुझी,
आई