उंदीर वाचले, पण कोणत्या वाणाचे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘अमुक जनुक काढून टाकताच उंदीर आजारातून वाचले, औषध आता दृष्टिपथात’ अशा धाटणीच्या बातम्या आपल्या विज्ञान पुरवणीत वरचेवर येतात. माझी नोकरीची सगळी वर्षे एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात गेली, नॉकआउट, म्हणजे एखादे जनुक मुद्दाम निकामी केलेल्या, उंदरांच्या कितीतरी पिढ्या हाताखालून गेल्या, त्यामुळे या बातम्या मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. आणि दर वेळी एकच गोष्ट शोधतो, ती सापडत नाही: उंदीर कोणत्या वाणाचे होते?

हा किरकोळ तपशील वाटेल. त्यासाठी कॅस्पेज-१ या जनुकाची हकीकत सांगतो.

शरीरात जंतू शिरले की ताप आणि दाह पेटवणारे इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचे प्रथिन आधी अर्धवट रूपात तयार होते. कॅस्पेज-१ त्याला कापून कामाचे करते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी हे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. त्यांना जंतूंच्या भिंतीतले एंडोटॉक्सिन टोचले. एरवी या मात्रेला उंदीर दगावतात, हे वाचले. निष्कर्ष उघड होता: सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने शरीरभर भडकणाऱ्या आजारात, जीव घेणारे जनुक म्हणजे कॅस्पेज-१. पुढची सोळा वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांनी हेच उंदीर मागवले, वाढवले आणि त्यांच्यावर शोधनिबंध लिहिले.

आता गोम बघा. त्या काळी नॉकआउट उंदीर करायचा तर जनुकात बदल करायच्या त्या भ्रूणपेशी बहुतेक वेळा ‘१२९’ नावाच्या वाणाच्या असत, कारण त्या वाणातून त्या मिळवणे आणि टिकवणे सोपे. मग जन्मलेल्या उंदरांचा नेहमीच्या काळ्या ‘बी-६’ वाणाशी पिढ्यामागून पिढ्या संकर करायचा. दहा पिढ्यांनंतर १२९चा जवळजवळ सगळा वारसा धुऊन निघतो. ‘जवळजवळ’ म्हणतो, कारण निकामी केलेल्या जनुकाला खेटून असलेला गुणसूत्राचा तुकडा जात नाही. चाळीत एकाच भिंतीच्या दोन खोल्या असाव्यात तसे कॅस्पेज-१ आणि कॅस्पेज-११ शेजारी शेजारी आहेत. एकाला निवडून पुढे आणले की दुसरे आपसूक सोबत येते. आणि १२९ वाणात कॅस्पेज-११ मुळातच मोडलेले असते, त्यातली डीएनएची पाच अक्षरे गळालेली आहेत.

म्हणजे ज्यांना सगळे कॅस्पेज-१चे नॉकआउट समजत होते, ते दोन्ही जनुके गमावलेले उंदीर होते!

हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही, असे तुम्ही विचाराल. पिंजऱ्याशी काम केलेल्याला यात नवल वाटणार नाही. पिल्लू दूध सोडायच्या बेताला आले की त्याच्या शेपटीचा टोकाचा कण कापतात, ओळखीसाठी कानाला भोक पाडतात. कणातून डीएनए काढून पीसीआर करतात, म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती बनवतात, आणि तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर त्यांचे पट्टे बघतात. एक पट्टा वर असला तर साधा उंदीर, एक खाली असला तर नॉकआउट, दोन्ही असले तर मिश्र (कोणाचा पट्टा वर आणि कोणाचा खाली, ते चाचणी कशी बेतली आहे त्यावर). पिंजऱ्याच्या कार्डावर खूण झाली की काम संपले. पण जेल फक्त त्याच जनुकाबद्दल बोलते ज्याच्याबद्दल तुम्ही विचारले. शेजारच्या कॅस्पेज-११बद्दल कोणी विचारलेच नव्हते. एकाच वेतातली साधी भावंडे शेजारी ठेवून तुलना केली, जी एरवी सर्वांत चोख पद्धत, तरीही ही चूक पकडली गेली नसती. दोन्ही जनुके एकत्रच वारशात येत होती.

उलगडा २०११ मध्ये झाला, जेनेनटेक कंपनीत विश्व दीक्षित यांच्या गटात. १२९ वाणाच्या पेशी काही चिथावण्यांना नीट प्रतिसाद देतात आणि काहींना देतच नाहीत, या विसंगतीवरून त्यांना धागा लागला. मग त्यांनी त्या उंदरांमध्ये कॅस्पेज-११ परत घातले, म्हणजे आता खरोखर फक्त कॅस्पेज-१ गैरहजर. एंडोटॉक्सिन टोचल्यावर हे उंदीर मेले. उलट फक्त कॅस्पेज-११ नसलेले वाचले. गुन्हेगार शेजारी निघाला. १९९५चे सगळे काम वाया गेले असे मात्र नाही. इंटरल्यूकिन कापण्याचे काम कॅस्पेज-१चेच राहिले. आणि माणसाचे काय? माणसात कॅस्पेज-११ नाहीच, त्याच्या जागी कॅस्पेज-४ आणि कॅस्पेज-५ अशी दोन जनुके आहेत. बातमीतले ‘आता माणसांसाठी’ हे शब्द किती लांब पल्ल्याचे आहेत, ते यावरून कळेल.

शेजारच्या जनुकाचा घोळ नसला तरी वाण आपला हात दाखवतोच. पीडी-१ हे रोगप्रतिकारशक्तीला लगाम घालणारे जनुक. जपानच्या तासुकु होंजो यांच्या गटाने ते काढले, तेव्हा बी-६ उंदरांना उतारवयात ल्यूपससारखा, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, आजार झाला, सांधे आणि मूत्रपिंड बिघडले. हेच जनुक बाल्ब-सी वाणातून काढले तर हृदय फुगून उंदीर मेले. जनुक एकच, पण यातला एकच प्रयोग बातमीत आला असता तर वाचकाने कोणता आजार लक्षात ठेवायचा? होंजो यांना २०१८चे नोबेल मिळाले आणि पीडी-१ अडवणारी कर्करोगाची औषधे आज आपल्याकडेही वापरात आहेत. ती घेणाऱ्या थोड्या रुग्णांच्या हृदयाला सूज येते. त्या मेलेल्या बाल्ब-सी उंदरांनी याची चाहूल आधीच दिली होती, म्हणून असे प्रयोग निरर्थक म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

आज क्रिस्पर या जनुक-कात्रीमुळे थेट बी-६च्या भ्रूणात जनुक बदलता येते, १२९चा फेरा टळतो. तरी जुने वाण अजून फ्रीझरमध्ये आहेत, अजून मागवले जातात.

तेव्हा विनंती एवढीच की, अशी बातमी देताना मथळ्यात ‘उंदरांत’ हा शब्द असावा आणि आत एका वाक्यात वाण कोणता, नॉकआउट कसे केले आणि काढलेले जनुक परत घालून पाहिले का, हे असावे. मूळ शोधनिबंधात हे बहुधा पद्धतींच्या भागात असते. वार्ताहराला तो भाग किचकट वाटला तर संशोधकाला फोन करून विचारावे, बहुतेकजण आनंदाने सांगतात.

आपला,
प्राणिगृहातला एक निवृत्त तंत्रज्ञ, पुणे