दलीपसिंग सौंद यांच्यासाठी एक विनंती

प्रति,
मा. श्री ठाणेदार,
सदस्य, अमेरिकेचे प्रतिनिधिगृह

सप्रेम नमस्कार.

बेळगावचा माणूस अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात गेला याचा अभिमान आम्हा मराठी वाचकांना आहेच. पण सभागृहात मत देण्याचा अधिकार असलेला आशियाई वंशाचा पहिला सदस्य, दलीपसिंग सौंद, तिथे १९५७ सालीच बसला होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असावे. म्हणून हे पत्र.

अमृतसर जिल्ह्यातल्या छज्जलवडीचे दलीपसिंग सौंद यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, गणितात डॉक्टरेट मिळवली. त्याच्या आदल्याच वर्षी भगतसिंग थिंड या शीख स्थलांतरिताच्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने हिंदी, म्हणजे भारतीय, लोकांना नागरिकत्वास अपात्र ठरवले होते, आणि अशा अपात्रांना कॅलिफोर्नियाच्या कायद्याने शेतजमीन ना विकत घेता येत होती, ना खंडाने करता येत होती. गणिताचा हा पंडित कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल व्हॅलीत कापूस वेचणाऱ्या टोळीचा मुकादम झाला, पुढे तिथेच शेतीत उतरला.

मला त्यांच्या विजयापेक्षा त्याआधीची वर्षे मोठी वाटतात. स्वतःला मत नसताना त्यांनी हिंदी लोकांच्या नागरिकत्वासाठी संघटना उभी केली, पाठपुरावा केला. १९४६ मध्ये ल्यूस-सेलर कायदा झाला, तोही वर्षाला जेमतेम शंभर हिंदी स्थलांतरितांना वाट देणारा, पण नागरिकत्वाचे दार त्यानेच उघडले. सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले. पुढच्याच वर्षी इम्पीरियल व्हॅलीतल्या वेस्टमोरलंडच्या मतदारांनी त्यांना न्यायाधीश निवडले, तेव्हा नागरिकत्वाला वर्ष पुरे झाले नाही म्हणून ते पद नाकारले गेले. १९५२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि जिंकले. निवडून आलात तर आम्हाला पगड्या पुरवणार का, असे एकाने भर उपाहारगृहात विचारले, तेव्हा डोक्यावर काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही, आत काय आहे ते मी पाहतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले. १९५६ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत त्यांनी प्रख्यात वैमानिक जॅकलिन कॉक्रन यांचा पराभव केला. तीन वेळा ते निवडून आले. १९६२ च्या पक्षाघाताने कारकीर्द संपली.

कॅपिटॉलमध्ये त्यांचे तैलचित्र आहे. माझी विनंती एवढीच की, नागरिकत्वाच्या या लढ्यावर आपण सभागृहात बोलावे, म्हणजे ते कामकाजात नोंदले जाईल, आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळांत बोलावणे येईल तेव्हा हीच हकिकत मराठीतून सविस्तर सांगावी.

आपला नम्र,
एक मराठी वाचक