बदललेल्या खुब्याची नोंद जन्मभर हवी

संपादक महोदय,

मुंबईत सांधारोपणाच्या जाहिरातींना सध्या तोटा नाही. रोबोटची अचूकता, छोटा छेद, दुसऱ्या दिवशी चालणे, चौथ्या दिवशी घरी, सगळे त्यात असते. शरीरात बसवलेला सांधा कोणत्या मॉडेलचा आहे आणि दहा वर्षांनी त्यात दोष निघाला तर त्या रुग्णाला कोण शोधून काढणार, हे मात्र कुठेच छापलेले नसते. गुडघा बदलणाऱ्यांच्या मानाने खुबा बदलणारे आपल्याकडे वयाने बरेच लहान असतात. रक्तपुरवठा बंद पडून मांडीच्या हाडाचे डोके खचते (ज्याला सगळे ‘एव्हीएन’ म्हणतात) किंवा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसने (मणक्यांच्या एका संधिवाताने) सांधा आखडतो, आणि तिशी-चाळिशीत शस्त्रक्रियेची वेळ येते. अशा माणसाला सांधा तीस-चाळीस वर्षे पुरायला हवा. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात २५ वर्षे टिकलेल्या खुब्यांचे प्रमाण सुमारे ५८ टक्के निघाले. म्हणजे तरुण रुग्णाने पुढे दुसरी शस्त्रक्रिया होईल असे धरूनच चालावे, आणि ती किती सोपी वा अवघड जाईल हे पहिल्या वेळच्या कागदांवर बरेचसे ठरते.

ते कसे, ते सांगतो. सिमेंट न वापरलेल्या खुब्यात साधारण चार भाग असतात : उखळीत बसणारा धातूचा कप, त्यातला अस्तरासारखा लायनर, त्यात फिरणारा बॉल आणि मांडीच्या हाडात ठोकलेला दांडा, म्हणजे स्टेम. बहुतेक वेळा आधी झिजतो तो लायनर. कप हाडात घट्ट रुजलेला असेल तर फक्त लायनर आणि बॉल बदलून भागते. पण त्या कपात त्याच कंपनीचा, त्याच मापाचा लायनर बसतो. बॉलही स्टेमच्या निमुळत्या टोकाशी तंतोतंत जुळावा लागतो. पहिला सांधा कोणता होता हेच माहीत नसेल, तर चांगला रुजलेला कपसुद्धा छिन्नीने सोडवून काढायची पाळी येते. त्यात हाड जाते, रक्त जाते आणि रुग्णाचे काही महिने जातात.

ही माहिती शस्त्रक्रियेच्या दिवशी सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. प्रत्येक भागाच्या खोक्यात चिकटपट्ट्या येतात आणि त्यांवर कॅटलॉग क्रमांक, लॉट क्रमांक (उत्पादनाची खेप), माप, मुदत व बारकोड असतो. एक स्टिकर केसपेपरवर लागतो, एक बिलाच्या प्रतीवर. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर बहुधा एवढेच : ‘उजवा टीएचआर, अनसिमेंटेड’, म्हणजे उजवा खुबा पूर्ण बदलला, सिमेंटशिवाय. केसपेपर रुग्णालयात राहतो, आणि वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे एवढेच डॉक्टरवर बंधनकारक आहे. वीस वर्षे शरीरात राहणाऱ्या वस्तूची नोंद तीन वर्षांनंतर नष्ट केली तरी नियम मोडत नाही, ही गोष्ट आम्हाला असह्य वाटते.

याची किंमत देशाने मोजलेली आहे. धातूवर धातू घासणारा डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. ऑस्ट्रेलियात तो त्याआधीच, डिसेंबर २००९ मध्ये बाजारातून गेला होता, कारण तिथल्या राष्ट्रीय सांधा-नोंदवहीत त्याच्या फेरशस्त्रक्रियांचा आकडा इतरांपेक्षा वर जाताना दिसत होता. भारतात सुमारे ४,७०० एएसआर बसवले गेले. केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये बाहेर आला, तेव्हा त्यांतल्या सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणा लागलेला नव्हता. भरपाईची सूत्रे नंतर ठरली, पण जो सापडतच नाही त्याला ती द्यायची कशी?

मॉडेल ठाऊक असणे पुरत नाही, लॉटही लागतो. एक्झॅक्टेक या अमेरिकी कंपनीने २०२१-२२ मध्ये प्लास्टिकचे भाग परत मागवले, त्यांत खुब्याचे लायनरही होते. हे भाग ज्यात बंद होते त्या व्हॅक्यूम पिशवीत ऑक्सिजन अडवणारा एक थर नव्हता, त्यामुळे प्लास्टिक वेळेआधी ठिसूळ होऊन झिजण्याचा धोका होता. आराखडा ठीक, शस्त्रक्रिया ठीक, दोष पिशवीत! असा दोष कोणाच्या शरीरात गेला हे स्टिकरशिवाय कळणार नाही.

‘दुखत नाही, मग तपासणी कशाला?’ हा प्रश्न ओपीडीत रोज येतो. लायनरचे सूक्ष्म कण सुटतात, शरीरातल्या पेशी ते गिळतात आणि त्या गडबडीत सांध्याभोवतीचे हाड विरघळू लागते. हे वर्षानुवर्षे मुकाट चालते. जांघेत किंवा मांडीत दुखू लागते तोवर स्टेम सैल झालेला असतो किंवा पोखरलेले हाड मोडलेले असते. ब्रिटनमध्ये आजवर उत्तम टिकलेल्या मॉडेलांच्या सांध्यांसाठीसुद्धा पहिल्या वर्षी, सातव्या वर्षी आणि पुढे दर तीन वर्षांनी एक्स-रे सुचवलेला आहे. तो कमरेचा समोरून आणि खुब्याचा बाजूने घ्यावा आणि त्यात स्टेमचे टोक संपूर्ण दिसले पाहिजे. नेहमीच्या कमरेच्या एक्स-रेत टोक हमखास कापले जाते, आणि स्टेम खाली सरकलाय का हे नेमके तिथेच पाहायचे असते. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो मोजमापाला निरुपयोगी, सीडी मागून घ्यावी. बॉलचा व्यास २८, ३२ की ३६ मिलिमीटर हे स्टिकरवरून कळले, की तीच मोजपट्टी धरून लायनरची झीज काढता येते. वर्षाला ०.१ मिलिमीटरहून अधिक झीज असेल तर हाड पोखरले जाण्याची धास्ती धरावी. तुलना पहिल्या एक्स-रेशी होते, म्हणून तो कधीही रद्दीत जाऊ नये. पुनर्विकासात घर रिकामे करताना किंवा निवृत्तीनंतर कोकणात गावी राहायला जाताना या फायली हटकून गहाळ होतात.

धातूवर धातू असा खुबा असलेल्यांनी दुखत नसले तरी घासून रक्तात उतरणारे कोबाल्ट आणि क्रोमियम हे धातू तपासावे. ब्रिटिश नियामकांनी लिटरला ७ मायक्रोग्रॅम ही सावधतेची पातळी मानली आहे. रक्त गडद निळ्या झाकणाच्या, सूक्ष्म धातूंसाठीच्या नळीत घ्यायचे असते. साध्या नळीत घेतले किंवा पोलादी सुईतून आलेले पहिले रक्त त्यात मिसळले, तर आकडा खोटा वाढतो आणि रुग्ण उगाच घाबरतो.

नोंदवहीचे म्हणाल तर स्वीडनने ती खुब्यासाठी १९७९ मध्ये सुरू केली, इंग्लंड-वेल्समध्ये २००३ पासून माहिती गोळा होते. आपल्याकडे शल्यविशारदांच्या संघटनेने २००६ मध्ये सुरू केलेली नोंदवही आहे. काम मोलाचे आहे, पण ऐच्छिक. ऐच्छिक नोंदवहीत मोठी फट राहते. परळला बसवलेला खुबा बिघडला की रुग्ण पुण्याला किंवा कोल्हापूरला दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि पहिल्या रुग्णालयाच्या हिशेबी तो बरा झालेलाच असतो. जो तो आपापले निकाल उत्तम समजतो, तेही प्रामाणिकपणे.

म्हणून राज्य शासनाकडे मागणी आहे. महाराष्ट्रात बसवलेल्या आणि काढलेल्या प्रत्येक खुब्याची नोंद सक्तीची करावी : तारीख, बाजू, चारही भागांचे कॅटलॉग व लॉट क्रमांक, आणि फेरशस्त्रक्रिया असल्यास कारण. रुग्णाची ओळख आभा (केंद्राच्या आरोग्य-ओळख) क्रमांकाने जोडावी, म्हणजे रुग्णालय बदलले तरी धागा तुटणार नाही. मृत्यूची नोंदही जोडावी, नाहीतर गेलेल्या माणसाचा सांधा कागदोपत्री ‘टिकलेला’ मोजला जातो. केईएम, सायन, नायर आणि जे. जे. ही रुग्णालये सार्वजनिक आहेत, सुरुवात तिथूनच करता येईल. सांध्याच्या नोंदींना तीन वर्षांची मर्यादा नसावी.

तोवर रुग्णांनी घरी जाण्यापूर्वी सर्व स्टिकरांची प्रत मागावी, मोबाइलमध्ये फोटो ठेवावा आणि तो घरातल्या आणखी एकाला पाठवावा. जुनी शस्त्रक्रिया असेल तर रुग्णालयाकडे लेखी अर्ज करावा. २००२ च्या त्याच नियमावलीप्रमाणे ७२ तासांत कागद मिळायला हवेत. बिघाडाची माहिती २०१५ पासून चालू असलेल्या केंद्राच्या मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांच्या दोषांवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर डॉक्टरच काय, रुग्णही देऊ शकतो. ती कोणाविरुद्धची तक्रार नसते, त्यामुळे डॉक्टरांनीही कचरू नये. आणि फेरशस्त्रक्रियेत काढलेला सांधा जैववैद्यकीय कचऱ्यात टाकू देऊ नका. कुठे आणि किती झिजला हे त्या तुकड्यांवरच दिसते. तो निर्जंतुक करून, लेबल लावून जपून ठेवावा, अशी विनंती शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावरच लिहून द्यावी.

– अस्थिरोग विभागात काम करणारे काही डॉक्टर, परळ, मुंबई